सामायिक म्हणजे कुणाचं?

सकाळी आठला दिवा स्टेशनवर ये. बँडविड्थ म्हणजे काय हे तुला कुठल्याच क्लासात जाऊन शिकावं लागणार नाही.

कल्याणहून गाडी निघते ती भरून निघते. डोंबिवलीला आणखी कोंबली जाते. दिव्याला येते तेव्हा दार उघडं असतं, पण दारात माणसांची भिंत असते. पास तुझ्या खिशात. गाडी सरकारची, म्हणजे सगळ्यांची. आत जायला कायद्यानं तुला कुणी अडवलेलं नाही. तरी तू प्लॅटफॉर्मवरच. ही झाली शेअर्ड लाइन. कागदावर सगळ्यांची, आणि गर्दीत जो आधी घुसला त्याची.

म्हणून दिव्याचे लोक किती वर्षं ओरडतायत, आम्हाला दिव्याहून सुटणारी लोकल द्या. रिकामी लागेल, आम्ही चढू, आमच्या हक्काची. ही झाली डेडिकेटेड लाइन.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे गेल्या बैठकीत आमच्या गटात याच दोन शब्दांवरून हातघाईवर यायची वेळ आली. विषय लोकलचा नव्हता, सर्व्हरचा होता. पण भांडण तेच. शेअर्ड घ्यायची की डेडिकेटेड? दोन्हीकडच्यांनी बाबासाहेबांना साक्षीला बोलावलं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना दलाल म्हटलं. पण लाइन किती रुंद आणि तिच्यावर माणसं किती, याचा हिशेब एकानंही कागदावर मांडला नाही. तो मी इथं मांडतो. पटला तर घ्या, नाही तर पुढच्या अंकात मला सोलून काढा.

*

आधी झालं काय ते सांगतो.

आमचा एक भाड्याचा सर्व्हर आहे. त्यावर जुन्या अनियतकालिकांची स्कॅन केलेली पानं आहेत. जी पानं रद्दीवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून, वाळवीच्या तोंडातून ओढून काढली ती. शाहिरांचे जलसे आहेत, कॅसेटवरून उतरवलेले. गावोगावच्या अत्याचारांचे आम्ही केलेले सत्यशोधन अहवाल आहेत, फोटोंसकट. आणि एक साधं पान आहे, ज्यावर कुठल्याही वस्तीतला माणूस मोबाईलवरून आपली तक्रार टाकू शकतो आणि ती आमच्या वकील मित्रांकडे जाते.

सहा डिसेंबरला हे सगळं बसलं. चैत्यभूमीवर, शिवाजी पार्कवर लाखो लोक. आमच्या स्टॉलवर पाटी लावली होती की गाणी ऐका, जुने अंक वाचा. पोरं मोबाईल काढून उभी, आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय. दुपारी तेही बंद. लोक हसले आणि पुढच्या स्टॉलवर गेले. त्याचं एवढं दुःख नाही. दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. त्याच दिवशी एका गावातून एक पोरगा तक्रारीचं पान उघडायचा प्रयत्न करत होता. चार ओळींचा मजकूर. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला तेव्हा कळलं. दरम्यान एक रात्र गेली. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात एक रात्र म्हणजे काय असते हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. एका रात्रीत साक्षीदार बदलतात, जखमा धुतल्या जातात, गावचा पाटील समजूत काढून जातो.

तेव्हा सवाल हौसेचा नाही.

होस्टिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तुम्ही शेअर्ड बँडविड्थवर आहात, तुमचा वापर जास्त झाला, सिस्टीमनं आपोआप कमी केलं." आम्ही म्हणालो, अरे, जाहिरातीत तर अनलिमिटेड लिहिलंय. तो म्हणाला, "अनलिमिटेडच आहे सर, पण फेअर युज आहे." म्हणजे जेवण पोटभर आहे, पण भूक लागली तर ताट काढून घेऊ. ही भाषा आपल्याला नवी नाही. एवढीच गोष्ट नवी, की या वेळी तिचे आपण दर महिन्याला पैसे भरत होतो.

*

आता शेअर्ड म्हणजे काय, शिवी न देता बघू.

बँडविड्थ म्हणजे नळाची रुंदी. एका सेकंदात किती माल जाऊ शकतो ते. ती मोजतात मेगाबिटमध्ये, आणि आपली फाइल आपण मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. हे आठानं गुणायचं विसरलं की विकणारा आपल्याला आठपट गंडवतो. आणि महिन्याचा कोटा ही वेगळीच चीज. कोटा म्हणजे टाकीत पाणी किती, रुंदी म्हणजे नळ केवढा. टाकी समुद्राएवढी दिली आणि नळ सुईच्या नेढ्याएवढा, तर लग्नघरी काय उपयोग? एक मेगाबिटचा नळ ३० दिवस अखंड वाहिला तर साधारण ३२४ गीगाबाइट पाणी देतो. आमचा महिन्याचा वापर यापेक्षा कमी आहे. सरासरीनं बघितलं तर आम्हाला एक मेगाबिट पुरायला हवा! पण सहा डिसेंबर सरासरीनं येत नाही. सकाळची ८:१२ पण सरासरीनं येत नाही. रात्री दोनला रिकामी धावणारी लोकल हिशेबात धरून तुझी सकाळची गर्दी कमी दाखवायची, ही सरासरीची जुनी बदमाशी.

शेअर्डमध्ये एक मोठी लाइन असते आणि तिच्यावर पुष्कळ सर्व्हर. धरा, १००० मेगाबिटची लाइन आणि २०० गिऱ्हाईकं. सगळे एकदम बोलले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५. पण सगळे एकदम बोलत नाहीत, या भरवशावर धंदा चालतो. ही लबाडी नाही, हे गणित आहे आणि ते जुनं आहे. १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या माणसानं ते मांडलं. गावात हजार फोन असले तरी हजार तारा लागत नाहीत, कारण हजार माणसं एका क्षणी फोन उचलत नाहीत. किती तारा लागतील याचा हिशेब करता येतो. त्या हिशेबावर जगभरची एक्स्चेंजं चालली.

पण त्या हिशेबात एक अट आहे. माणसं आपापल्या वेळी फोन उचलतील, ठरवून एकदम उचलणार नाहीत. अट मोडली की हिशेब मोडला.

दिव्याला ही अट रोज सकाळी मोडते. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच दिशेला जायचं असतं. कारण काम तिकडे आणि परवडणारं घर इकडे. हे असं कुणी वसवलं? मुंबईनं माणसं कामाला घेतली आणि झोपायला खाडीपलीकडे पाठवली. ठाण्यानं आपला कचरा वर्षानुवर्षं दिव्यात आणून टाकला, आणि माणसांनी घरंही तिथंच शोधली, कारण बाकी कुठं जमलंच नाही. सकाळी उलट्या दिशेची गाडी बघ, बसायला जागा असते. म्हणून तर लोक उलटे जातात, कल्याणला त्याच गाडीत बसून राहतात आणि परत येतात. लाइन तीच, रूळ तेच. एका बाजूला चेंगराचेंगरी, दुसऱ्या बाजूला बाकडी मोकळी.

२ जानेवारी २०१५ ला लोकल रखडल्या आणि दिव्याचे लोक रुळावर उतरले. दगडफेक झाली, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प झाली. त्याआधी फास्ट लोकल दिव्याच्या तोंडावर धूळ उडवत निघून जायच्या. १८ डिसेंबर २०१६ पासून काही थांबायला लागल्या. मिळालं ते मागून मिळालं नाही. आणि तेवढ्यानं भागलंही नाही. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. माणसं मेली. सर्व्हर बसला म्हणून कुणी रुळावर पडत नाही, तेव्हा ही तुलना मी जपून वापरतो. पण शिकायचं ते शिकतो.

*

आता आमचा डेडिकेटेडवाला दोस्त. तो बैठकीत उठला आणि म्हणाला, "बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते. आपण स्वतंत्र लाइन का मागू नये? शेअर्ड म्हणजे पुणे करार!" टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली. मग घरी येऊन हिशेब केला.

डेडिकेटेड म्हणजे ती रुंदी तुझी. शेजारी मेला किंवा जगला, तुझा नळ तेवढाच. पण तेवढाच! आमच्या खिशाला परवडेल अशी धरा १० मेगाबिटची. एक गाणं ४ मेगाबाइटचं, म्हणजे ३२ मेगाबिट. एकट्या माणसाला ते ३.२ सेकंदांत मिळेल. शंभर माणसांनी एकदम मागितलं तर ३२० सेकंद. पाच मिनिटांच्या वर. शिवाजी पार्कवर पाच मिनिटं मोबाईलकडे बघत कोण उभा राहतो?

आता तेच शेअर्डवर. १००० ची लाइन, शेजाऱ्यांनी निम्मी खाल्ली, ५०० उरली, आणि ती सगळी आपल्याला घेऊ दिली, तर तीच शंभर माणसं ६.४ सेकंदांत मोकळी. सगळ्या २०० गिऱ्हाइकांनी एकदम हल्ला केला तर मात्र आपल्या वाट्याला ५, म्हणजे डेडिकेटेडच्या निम्मे.

तेव्हा खरा प्रश्न असा की सहा डिसेंबरला आपले शेजारी काय करत असतात? त्या लाइनवर कोण आहे? कुणाचं कपड्यांचं दुकान, कुणाचं लग्न जुळवायचं ऑफिस, कुणाची क्लासेसवाली जाहिरात. त्यांची गर्दी दिवाळीत, लग्नसराईत, निकालाच्या दिवशी. सहा डिसेंबर त्यांच्या कॅलेंडरवर नाही. चौदा एप्रिल त्यांना बँकेची सुट्टी म्हणून ठाऊक. ज्या दिवशी आपल्याकडे महासागर, त्या दिवशी त्यांचा नळ बंद. म्हणजे आपण त्यांची मोकळी बाकडी वापरू शकतो. उलट्या दिशेची गाडी!

आणि ऐका, आता कडू बोलतो. दुसऱ्या एका मित्रानं सुचवलं होतं की आपल्या सगळ्या संघटनांनी, मंडळांनी, गायनपार्ट्यांनी मिळून एकच मोठी लाइन घ्यावी. आपलीच माणसं, आपलाच सर्व्हर. ऐकायला छान. पण चौदा एप्रिलला सगळ्यांची मिरवणूक एकाच वेळी, सहा डिसेंबरला सगळ्यांची गर्दी एकाच वेळी. एर्लांगची अट आपणच मोडणार. तो दिव्याचा सकाळचा प्लॅटफॉर्म होईल, फक्त सगळे निळे झेंडे घेतलेले. एकत्र यायचं तर पैसे एकत्र करू, वकील एकत्र करू, जतन केलेल्या कागदाच्या प्रती एकमेकांकडे ठेवू. नळ मात्र वेगवेगळ्या आळीतून घेऊ.

*

मग शेअर्डच चांगलं, असं म्हणून मोकळा होतो का? नाही. कारण आमचा सर्व्हर त्या दिवशी शेजाऱ्यांच्या गर्दीनं बसला नाही. लाइन मोकळी होती. होस्टिंगवाल्याच्या नियमानं आमचा गळा आवळला. शेअर्ड होतं, पण आम्ही आमचा वाटा घ्यायला गेलो तेव्हा कळलं की वाटा किती हे कुठंच लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही म्हणजे तो ठरवणार. आज देईल, उद्या कापेल.

इथं महाड आठवतं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर. तीन वर्षं तो कागद पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले तेव्हा कळलं की तळं किती सामायिक आहे. लाठ्या पडल्या, तळं शेणा-गोमूत्रानं शुद्ध करून घेतलं गेलं. मग कोर्ट. १९३७ साली हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. दहा वर्षं!

बाबासाहेबांनी महाडला वेगळं तळं मागितलं नाही हे लक्षात घ्या. वेगळं तळं खोदून द्यायला कदाचित कुणीतरी दयाळू माणूस तयारही झाला असता. मागितला तो सार्वजनिक पाण्यातला हक्क. आणि पुढे स्वतंत्र मतदारसंघ मागितले तेव्हा तिथला प्रश्न वेगळा होता. आपला प्रतिनिधी कुणाच्या मतावर निवडून येणार, हा. २४ सप्टेंबर १९३२ च्या करारात १४८ राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिला. म्हणजे जागा आपली, किल्ली त्यांच्या हातात. तेव्हा बाबासाहेबांना शेअर्डवाला किंवा डेडिकेटेडवाला करून टाकू नका. त्यांनी प्रत्येक ठिकाणी विचारलं की वाटा लिहिलेला आहे का, आणि किल्ली कुणाकडे आहे. आपणही होस्टिंगवाल्याला हेच दोन प्रश्न विचारायचेत. आम्ही विचारले नव्हते. स्वस्त आहे म्हणून घेतलं आणि निळा झेंडा लावला. चूक आमची.

*

तर विचारायचं काय? वहीत लिहून घ्या.

पहिलं. माझ्या सर्व्हरला पोर्ट केवढा, हे सगळे सांगतात. त्या पोर्टाच्या मागची लाइन केवढी आणि ती किती जणांत, हे विचार. दार रुंद आणि आत बोळ, असा प्रकार असतो.

दुसरं. 'डेडिकेटेड सर्व्हर' आणि 'डेडिकेटेड बँडविड्थ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ जण पहिली विकतात आणि आपण दुसरी घेतली असं समजून खूश होतो. मशीन तुझ्या एकट्याचं, पण त्यातून निघणारी वाट सगळ्यांची. खोली स्वतंत्र आणि संडास चाळीचा, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

तिसरं. गर्दीत किमान किती मिळेल? आकडा सांग, आणि तो करारात लिही. "साधारण भरपूर मिळतं" हे पुढाऱ्याचं आश्वासन झालं.

चौथं. किमानाच्या वर, लाइन मोकळी असेल तेव्हा किती घेऊ देशील? आणि ओलांडलं तर काय करशील? जादा पैसे लावशील की गळा आवळशील? आवळायच्या आधी कळवशील का?

पाचवं. पैसे कसे मोजतोस? एक पद्धत आहे. दर पाच मिनिटांनी वापर मोजायचा, महिनाअखेर सगळ्यात वरचे पाच टक्के आकडे फेकून द्यायचे, आणि जो उरलेला वरचा आकडा त्याचं बिल. ३० दिवसांचा महिना धरला तर पाच टक्के म्हणजे ३६ तास. म्हणजे ३६ तासांपर्यंतची गर्दी फुकट. चौदा एप्रिल यात बसून जातो. पण सहा डिसेंबरला माणसं तीन-तीन दिवस आधीपासून दादरला येतात. गर्दी तीन दिवस टिकली तर ७२ तास. ३६ चा पल्ला ओलांडला की बिल थेट गर्दीच्या आकड्यानं येतं, सगळ्या महिन्याचं. न बघता सही केलीस तर जयंतीची सगळी वर्गणी एका बिलात जाईल.

सहावं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मीटर मला दिसेल का? आणि दिसला तरी त्याच्यावर विसंबू नका. आपल्यातल्या पाच-सहा पोरांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून, दिव्यातून, उल्हासनगरातून, औरंगाबादेतून (आता छत्रपती संभाजीनगर), एकच ठरलेली फाइल दिवसातून चार वेळा उतरवायची आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. महिनाभर. एवढंच. पाणी पिऊन बघायचं. तळं खुलं आहे की नाही ते बोर्ड वाचून कळत नाही.

*

आणि आता आपलं स्वतःचं झाडलोट.

त्या दिवशीचा गोंधळ उघडून बघितला तेव्हा अर्धा दोष आपला निघाला. एकेका अंकाचं स्कॅन ४० मेगाबाइटचं, तसंच्या तसं टाकलेलं. मोबाईलवर वाचायला त्याची गरज नाही. मूळ जाड प्रत जपून ठेवायची, वाचायला बारीक प्रत द्यायची. हे फुकट होतं, आळसानं केलं नाही. आणि सगळ्यात जास्त रुंदी कुणी खाल्ली? जलशांनी? नाही. अहवालांनी? नाही. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या भाषणानं! पावणेदोन तासांचं, एचडी. ते सर्व्हरवर चढवा म्हणून आपल्यातल्याच एकानं आग्रह धरला होता. त्या भाषणाच्या खाली दबून एका पोराच्या चार ओळी गेल्या नाहीत. दोस्तांनो, हे त्या होस्टिंगवाल्याच्या माथी मारता येणार नाही.

रुंदी वाढवली की आपोआप योग्य माणसाला मिळते, हा भ्रम काढून टाका. १८ फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. लांबच्या गाड्यांना वेगळा रूळ, लोकलना मोकळा रूळ. कित्येक वर्षं रखडलेलं, गरजेचं काम. चांगलं झालं. त्यातून ३६ नव्या फेऱ्या आल्या आणि त्यातल्या बहुतेक एसी. रूळ वाढले, पण सेकंड क्लासचा पास खिशात घेऊन दारात लटकणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? लाइन डेडिकेटेड झाली तरी ती कशाला वापरायची हे ठरवणारा माणूस कोण, हा सवाल उरतोच. रेल्वेत तो माणूस आपला नाही. आपल्या सर्व्हरवर तर आपणच आहोत ना?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जड माल, म्हणजे अंक, जलसे, भाषणं, हे शेअर्डवर ठेवा. पण किमान वाटा करारात लिहिलेल्या आणि मोकळ्या वेळी वर घेऊ देणाऱ्या शेअर्डवर. तिथं शेजाऱ्यांची मोकळी बाकडी वापरा, लाजू नका. ती आपल्या पैशाची आहेत.

आणि तक्रारीचं ते एक पान उचलून वेगळ्या छोट्या मशीनवर न्या, छोट्या डेडिकेटेड लाइनवर. दोन मेगाबिट पुरेत. चार ओळींचा मजकूर काही किलोबाइटचा असतो, मोबाईलवरचे दोन फोटोही हळूहळू का होईना जातील. त्या लाइनवर दुसरं काही चढवायचं नाही. गाणं नाही, अंक नाही, आणि बापाची शपथ, कुणाचा वाढदिवस तर नाहीच. लोकांना वाटतं डेडिकेटेड घ्यायचं ते मोठ्या थाटासाठी. मी म्हणतो, डेडिकेटेड घ्यायचं ते सगळ्यात बारीक आवाजासाठी. गर्दीत जो आवाज पहिला दबतो, त्याच्यासाठी राखून ठेवायचं.

*

शेवटचं एक.

डेडिकेटेडवाला दोस्त म्हणेल, पण आपलं स्वतःचं काही असायला नको का? असायला हवं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तो दुसऱ्याच्या पत्रात आपल्याला जागा नव्हती म्हणून. पुढे आपला छापखाना झाला. त्या छापखान्याचं काय झालं? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं तेव्हा बुद्धभूषण प्रेसही त्यात गेला. स्वतःचं असणं आणि टिकणं यात अंतर आहे. एकाच मशीनवर एकच प्रत ठेवून त्यापुढे डेडिकेटेड लाइन लावली, तर ती एका रात्रीत जाते. म्हणून जे जतन केलं त्याच्या प्रती करा. एक दिव्यात, एक नागपुरात, एक कुणाच्या तरी ट्रंकेत. सहा डिसेंबरला स्टॉलवर पेनड्राइव्ह ठेवा, ज्याला हवं त्यानं उतरवून न्यावं. त्या लाइनला कुणी गळा आवळू शकत नाही.

पारसिकच्या डोंगरापलीकडे ऐरोली, रबाळे, महापे इथं मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत. बिनखिडक्यांच्या इमारती, आत थंडगार हवा. त्यातून किती लोकांचा किती माल जातो याची गणती नाही. तिथं रात्रपाळीला सिक्युरिटीत उभी राहणारी, फरशी पुसणारी, केबल ओढणारी पोरं सकाळी घरी येतात ती आपल्याच वस्त्यांत. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीत हजार मेगाबिट धावत असतात, आणि त्यांच्या खोलीत मोबाईलला रेंज नसते. एक दिवस त्या इमारतीत आपला वाटा किती, हेही विचारू. त्याआधी आपल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर वाटा नीट करून दाखवू. एवढं जमलं नाही तर उद्या सगळी लाइन हातात आली तरी आपण तिच्यावर वाढदिवसच घालणार.

पुढची बैठक रविवारी आहे. करार घेऊन या, हिशेबाची वही घेऊन या. टाळ्या घरी ठेवून या.

जय भीम.